बाबांचं गिळणं

बाबांना झटका आला तो एका रविवारी सकाळी, दाढी करताना. आरशात बघता बघता आरसाच फिरायला लागल्यासारखं त्यांना वाटलं आणि ते बेसिन धरून खाली बसले. आईची हाक ऐकून मी धावत गेले, तेव्हा त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर साबणाचा फेस तसाच होता. ते मला काहीतरी सांगत होते, पण तो आवाज त्यांचा नव्हता. घोगरा आणि ओला होता. घशात पाणी धरून कुणी बोलावं तसा.

त्या आवाजानेच मी जास्त घाबरले, कारण बाबांचा आवाज ही आमच्या घरातली सगळ्यात ठणठणीत गोष्ट होती. पाटबंधारे खात्यात ते खडकवासल्याच्या कालव्यावर अभियंता होते, नुकतेच निवृत्त झालेले. तरुणपणी नागपूरकडून नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. आमच्या बुद्धविहारात वंदना तेच सांगायचे. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला कळायचं नाही. जेवताना तर त्यांचं बोलणं थांबतच नसे. तोंडात घास, हातात घास आणि गोष्ट अर्ध्यावर. आई वैतागून म्हणायची, "अहो, आधी गिळा तरी!"

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि आम्ही हॉस्पिटल गाठलं. संध्याकाळपर्यंत तपासण्या झाल्या. मेंदूच्या अगदी मुळाशी, मानेच्या वरच्या बाजूला, एका छोट्या भागाचा रक्तपुरवठा थांबला होता. डॉक्टरांनी बाबांना दोन्ही हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले. सगळं जमलं. चक्कर होती, उचक्या लागत होत्या, पण हातापायांत ताकद होती.

"नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले.

मी बाहेरच्या कॉरिडॉरमधून नागपूरच्या नातेवाइकांना मोबाइलवरून एकेक करून कळवलं की थोडक्यात निभावलं. कंपनीत साहेबांना सांगितलं की चार दिवसांत येते. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंगचं काम करत होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठे काय चुकू शकेल ते शोधत बसायचं, हा माझा व्यवसाय. पण बाबांचे हात हलतायत, पाय हलतायत, हे बघून मी निश्चिंत झाले होते. घशाचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईने त्यांना बशीतून चहा दिला. पहिला घोट तोंडात गेला आणि पुढच्या क्षणी तो नाकातून बाहेर आला. बाबांनी खोकायचा प्रयत्न केला, पण खोकल्यालाही जोर नव्हता. चेहरा काळानिळा पडला. नर्सने येऊन मशीनने घसा साफ केला. आई हातात तिरपी झालेली बशी धरून तशीच उभी होती आणि चहा तिच्या पदरावर गळत होता.

डॉक्टरांनी हुकूम काढला, "आजपासून तोंडाने काहीही नाही. पाणीसुद्धा नाही." नाकातून एक नळी थेट पोटात गेली आणि बाबांचं जेवण सिरिंजमधून सुरू झालं.

मग एक स्पीच थेरपिस्ट मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील. मी जरा तुटकपणेच म्हणाले, "त्यांना बोलता येतंय, मॅडम. गिळता येत नाहीये."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "बोलायचं आणि गिळायचं दुकान एकाच गाळ्यात आहे. म्हणून मला दोन्ही बघावं लागतं."

त्यांनी बाबांच्या टेबलावरच्या कागदावर डोक्याची बाजू काढली. नाक, तोंड, खाली दोन नळ्या. नाकातोंडाच्या मागे जी पोकळी खाली उतरते, तिच्याभोवती पेन्सिल गोल फिरवली. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात तिचं नाव होतं, ग्रसनी. बाण काढायचा, नाव लिहायचं, मार्क घ्यायचे. ती करते काय हे मी कधी विचारलंच नव्हतं. मॅडम सांगू लागल्या. हवा मागून, नाकाकडून येते आणि तिला जायचं असतं पुढच्या नळीत, फुप्फुसाकडे. अन्न पुढून, तोंडातून येतं आणि त्याला जायचं असतं मागच्या नळीत, पोटाकडे. म्हणजे दोघांच्या वाटा इथे एकमेकींना छेदतात. आपण गिळतो तेव्हा श्वास क्षणभर थांबतो, मऊ टाळू नाकाचा रस्ता बंद करते, कंठ वर उचलला जातो, श्वासनळीवर झाकण येतं, घशाचे स्नायू वरून खाली आवळत जातात आणि अन्ननळीचं तोंड उघडतं. हे सगळं एका क्षणात आणि ठरलेल्या क्रमाने व्हायला हवं. बाबांच्या घशाची डावी बाजू झोपली होती. क्रम बिघडला होता.

बाबांनी कागद जवळ ओढून दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवलं. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "डिझाइनच... चुकलंय."

"तक्रार करायला वर जावं लागेल, काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "इतक्यात नको."

बाबा हसले. हसताना पुन्हा ठसका लागला आणि मी उडी मारून उठले. तेव्हापासून ती सवय मला लागली, ठसका ऐकला की उठायची.

काही दिवसांनी एक्स-रेच्या खोलीत बाबांना खुर्चीत ताठ बसवलं आणि एक्स-रेत दिसावी म्हणून बेरियम कालवलेली पेज चमचाभर दिली. काचेपलीकडच्या पडद्यावर त्यांच्या मानेची सावली हलत होती. मी मॅडमशेजारी उभी होते. ती पेज जिभेवरून मागे सरकली, घशात आली आणि थांबली. कंठ वर उचलला गेला खरा, पण अर्धवट. थोडी पेज खाली गेली, बरीचशी डाव्या बाजूच्या खळग्यात साचून राहिली. आणि मग त्यातली एक बारीक रेघ पुढच्या नळीत उतरताना मी पाहिली.

"ते फुप्फुसाकडे जातंय?" मी विचारलं.

"हो."

"पण बाबा खोकले नाहीत."

"तीच काळजी आहे," मॅडम म्हणाल्या. "ठसका लागला तर आपल्याला कळतं. त्यांना प्रत्येक वेळी लागत नाहीये."

हे ऐकल्यापासून मला ठसक्याची भीती वाटायची आणि ठसका न लागण्याची त्याहून जास्त.

मग त्यांनी बाबांना मान डावीकडे वळवायला सांगितली, हनुवटी खाली, आणि पुन्हा एक चमचा दिला. मान झोपलेल्या बाजूला वळली की ती वाट मिटते आणि अन्न चांगल्या बाजूने उतरतं. या वेळी सावली बऱ्यापैकी खाली गेली. "पुन्हा गिळा, काका. तोंडात काही नसलं तरी गिळा." बाबांनी गिळलं. खळग्यात राहिलेलं थोडं आणखी सरकलं. मला एकदम रडू आलं. एका चमच्यासाठी!

घरी आलो ते नियम घेऊन. नळी अजून नाकात होतीच, पण दिवसातून थोडं थोडं तोंडाने द्यायचं होतं. सगळं घट्टसर आणि एकजीव. पातळ काही नाही, कारण पातळ पदार्थ घशात फार वेगाने धावतो आणि झाकण पडायच्या आधीच श्वासनळीत शिरतो. मान डावीकडे, हनुवटी खाली, एका चमच्याला दोनदा गिळणं, मग "आ" म्हणून दाखवायचं. आवाज कोरडा आला तर पुढचा चमचा. ओला आला तर थांबायचं. जेवताना बोलायचं नाही.

आमच्या घरात इतकं शांत जेवण कधी झालं नव्हतं. टीव्ही बंद, रेडिओ बंद. आई नाचणीची खीर, मिक्सरमधून काढलेला वरणभात, शिजवून घोटलेला भोपळा असं काही काही करायची. पाण्यातही औषधाच्या दुकानातली पावडर घालून ते दाट करायचं. चमच्याने पाणी खाताना बाबांचं तोंड असं व्हायचं की आई नजर वळवायची. झुणका, पाटवडीचा रस्सा हे त्यांचे आवडते पदार्थ तिने करणंच सोडलं. "त्यांच्यासमोर कसं खाऊ मी? मला नाही पटून राहिलं," ती म्हणायची. इतकी वर्षं पुण्यात काढूनही चिंतेत असली की तिची भाषा नागपूरला जायची.

मी कामावर जाऊ लागले. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की मी माझ्याच गिळण्याकडे लक्ष द्यायचे. जीभ टाळूला लागते, कंठ वर जातो, कानात बारीकसं टक् वाजतं. एकदा लक्ष गेलं की ते आपोआप होईना. लाळ गिळायची म्हटलं तरी तयारी करावी लागायची. कॅन्टीनमध्ये पोळीचा तुकडा तोंडात धरून मी बसून राहायचे. बाकीचे रिलीजबद्दल, अमेरिकेतल्या क्लायंटबद्दल बोलत असायचे आणि मी विचार करत असायचे की आता श्वास कधी थांबवायचा. घशात सुपारीएवढी गाठ आहे असं वाटायचं. ऑफिसजवळच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि म्हणाले, "काही नाहीये तिथे. झोप घ्या." दुपारी मी आईला फोन करायचे.

"ठसका लागला का?"

"नाही लागला."

"आवाज कसा होता?"

"अगं, काल होता तसाच. तू काम कर ना तुझं! किती फोन करून राहिली!"

फोन ठेवला की मनात यायचं, लागला नाही म्हणजे चांगलं की वाईट?

एका शनिवारी दुपारी मी लवकर घरी आले. आई भाजी आणायला गेली होती. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. बाबा ओट्याशी उभे होते, एका हाताने कडाप्पा धरलेला, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला, अर्धा रिकामा. मला बघून त्यांनी तो लपवला नाही.

"बाबा, प्यायलात?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"किती?"

ते म्हणाले, "आयुष्यभर या शहराला पाणी दिलं मी." आवाज ओला होता. मी त्यांच्या हातातून पेला जवळजवळ ओढून घेतला, त्यांना खुर्चीवर बसवलं, खोकायला लावलं, "आ" म्हणायला लावलं. पुन्हा पुन्हा लावलं, मॅडमनी सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट. शेवटी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि आत जाऊन पडले. आई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "थंड होतं का गं पाणी?" मला तेव्हा तिचा प्रश्न कळलाच नाही.

दोन-तीन दिवसांनी बाबांना ताप आला. श्वास घेताना छातीत घरघर ऐकू येऊ लागली. पुन्हा तेच हॉस्पिटल. उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. मी डॉक्टरांना पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, त्यानेही झालं असेल, किंवा झोपेत स्वतःचीच लाळ खाली उतरली असेल. सांगता येत नाही. मग त्यांनी मला आणि आईला त्यांच्या खोलीत बसवलं. पोटाला छोटं छिद्र पाडून तिथूनच कायमची नळी बसवता येईल, म्हणाले. तोंडाने खाणं बंद. धोका अगदी जातो असं नाही, पण कमी होतो.

मला ते लगेच पटलं. मला धोका कमी करणारं काहीही हवं होतं. आम्ही बाबांच्या खाटेपाशी गेलो आणि मी त्यांना समजावून सांगितलं, अगदी ऑफिसात समजावते तशी, मुद्देसूद.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नको."

"बाबा, जीव जाईल तुमचा."

"मला जेवायचंय."

"जेवणासाठी जीव घालवणार तुम्ही?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले. मी आईकडे वळले, ती माझ्या बाजूने बोलेल म्हणून. आई बाबांच्या पायांवरची चादर सारखी करत होती. ती म्हणाली, "ते नको म्हणून राहिले तर नको."

"आई!"

"तुला कळतं, डॉक्टरांना कळतं, मला मान्य आहे. पण घास त्यांच्या घशातून उतरायचा आहे ना? मग त्यांना विचारायला नको?"

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. राग आला होता आणि त्याच्या खाली भीती होती. थेरपिस्ट मॅडम तिथून चालल्या होत्या. त्या शेजारी बसल्या. मी विचारलं, "तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा रुग्णांमध्ये काही महिन्यांनी घसा बराचसा परत येतो. सगळ्यांचा नाही. काकांच्या बाबतीत मला थोडी आशा आहे. नाकातली नळी तोवर ठेवू. मी कसून व्यायाम घेते. मग पुन्हा गिळण्याची एक्स-रे फिल्म काढू. ती वाईट आली तर पोटाच्या नळीचं परत बोलू. एवढं काका मान्य करतील का, विचारा. आणि या वेळी खरंच विचारा."

मी आत जाऊन विचारलं. बाबांनी मान डोलावली. डॉक्टरांनीही कुरकुरत का होईना, हो म्हटलं.

त्यानंतरचे महिने आमचं घर घशाची तालीम झालं. बाबा जीभ दातांत धरून गिळायचे, उशीशिवाय आडवे होऊन नुसतं डोकं उचलून पायांच्या बोटांकडे बघत राहायचे, कंठ वर गेला की तो तिथेच धरून ठेवायला शिकायचे. मॅडम आठवड्यातून एकदा घरी यायच्या. बाबा कंटाळले की म्हणायच्या, "काका, गिळायला सांगितलंय, विचार करायला नाही." तोंड स्वच्छ घासून झाल्यावर, जेवणाच्या वेळेपासून दूर, त्यांनी बाबांना चमचा चमचा साधं पाणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या चमच्याला मी खोलीबाहेर गेले. कोरडा "आ" ऐकू आला तेव्हाच आत आले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. आई म्हणाली, "माठातलं दिलं. थंड."

दुसऱ्या फिल्मच्या दिवशी मी रजा घेतली. पुन्हा तीच काच, तीच खुर्ची. पहिला घट्ट घास खाली गेला. थोडा खळग्यात राहिला. दुसऱ्या गिळण्यात तोही गेला. मग पातळ. माझी नजर पुढच्या नळीवर खिळली होती. कंठ वर गेला, झाकण पडलं, सावली मागच्या वाटेने उतरली. पुढची नळी कोरडी होती. मॅडमनी पुन्हा एकदा करून बघितलं, मग डॉक्टरांना हाक मारली आणि तिसऱ्यांदा केलं.

"मान वळवून घ्यायचं, छोटे घोट, बोलणं बंद," डॉक्टर म्हणाले. "नळी काढू या."

घरी आल्यावर आईने मऊ भात, तूप आणि थोडा रस्सा, तिखट कमी करून, ताटात वाढला. मॅडमनी तिखट नको म्हणून सांगितलं होतं. "कमीच आहे," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. बाबांनी पहिला घास घेतला, मान डावीकडे वळवली, गिळला, पुन्हा गिळला. आई नेमकी त्यांच्या डाव्या हाताला बसली होती.

मान वळवणं कायमचं राहिलं. वंदना सांगायला ते परत गेले नाहीत. आवाज घोगराच राहिला, पण विहारात जाऊन बसायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी गेले ते हृदयाच्या दुखण्याने. त्या सगळ्या वर्षांत एकदाही त्यांच्या जेवणाच्या वेळी मी पाठ करून बसू शकले नाही.

नळी निघाल्यानंतरच्या उन्हाळ्यात नागपूरला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. मी म्हणत होते, डबा घेऊन जाऊ, वेगळं बसवू. बाबांनी ऐकलं नाही. ते पंगतीत बसले. मला त्यांच्या समोरच्या रांगेत जागा मिळाली, मधून वाढपी जात-येत होते आणि प्रत्येक जण गेला की मला बाबांचा चेहरा पुन्हा शोधावा लागत होता. त्यांच्या डाव्या बाजूला नवरदेवाकडचा कुणी तरुण बसला होता. बाबा एक घास घ्यायचे आणि वळून त्याच्याकडे टक लावून बघत गिळायचे. पुन्हा घास, पुन्हा त्याच्याकडे. तो बिचारा आधी हसला, मग शर्टावर काही सांडलंय का ते बघितलं, मग आपलं ताट जरा पलीकडे सरकवलं. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, काऊन पाहून राहिले हो माझ्याकडं? काही पाहिजे काय?"

घास बाबांच्या तोंडातच होता. त्यांना उत्तर द्यायची घाई होईल, ते बोलतील आणि तो चुकीच्या वाटेने जाईल, या भीतीने मी माझ्या पानावरून अर्धी उठले. बाबांनी त्या मुलाला हाताने थांबायची खूण केली. गिळलं. पुन्हा गिळलं. एक श्वास घेतला आणि मग म्हणाले, "काही नको, बाळा. बघतोय तुझ्याकडे, पण जेवतोय माझंच."

तो मुलगा खो खो हसला. वाढपी बाबांसमोर येऊन थांबला होता. बाबांनी भाताकडे बोट दाखवलं.